पाचशे चौऱ्याहत्तर युनिट

"खातेदार तुम्हीच का?" फोनवरच्या बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज बसलेला होता आणि दर दोन वाक्यांनी त्या खोकत होत्या. "नाही, माझी बहीण. मोठी," ती म्हणाली. "मग त्यांना द्या ना फोन." "ती नाहीये इथे." "बरं, कधी येतील?" एवढंच विचारलं होतं बाईंनी. तिच्या डाव्या हातात मेणात बसवलेली वरची कवळी होती, पुढचे दोन दात अजून लावायचे होते, आणि दातांच्या लॅबमधली जेवणाची सुट्टी संपायला दहा मिनिटं उरली होती. कवळी तिनं हळूच टेबलावर ठेवली. "ती आता इथे राहत नाही," ती म्हणाली, आणि हे वाक्य आपण पहिल्यांदाच मोठ्यांदा बोललो हे तिच्या लक्षात आलं. सात महिने झाले होते. खालच्या काकूंना, इस्त्रीवाल्याला, पडद्याचं कापड घेऊन दारात आलेल्या जुन्या गिऱ्हाइकांना तिनं "ताई बाहेर गेलीय" असंच सांगितलं होतं, जशी काही ताई दोऱ्याचं रीळ आणायला कोपऱ्यावर गेली होती. आणि आज एका अनोळखी, घसा बसलेल्या बाईसमोर ते तोंडातून निघून गेलं. तिकडे बाईंनी ते टाइप केलं असावं, कारण कळफलकाचा आवाज आला, आणि मग त्या म्हणाल्या, "अच्छा. म्हणजे त्या घर सोडून गेल्या. तारीख सांगता का?"

तारीख तिनं सांगितली नाही. बिलावर बोलायला फोन केलाय, ती म्हणाली. बिलाचं प्रकरण असं होतं, की ताई गेल्यावर दोन महिन्यांनी तिनं विजेची कंपनी बदलली. जुन्या कंपनीचं खातं ताईच्या नावावर होतं, घरात पहिला दिवा लागला तेव्हापासून. दाराशी एक माणूस नव्या कंपनीचा अर्ज घेऊन आला, दर कमी पडेल म्हणाला. दराचं तिला काही पडलं नव्हतं. अर्जातली पहिली ओळ होती, 'खातेदाराचं संपूर्ण नाव', आणि तिथे आपलं नाव लिहायची तिला एकाएकी घाई झाली. रागाच्या भरात माणूस दार आपटतो, तसं तिनं नाव लिहिलं. नव्या कंपनीच्या माणसानं जिन्याखालच्या कपाटात जाऊन मीटर बघितला, सत्तेचाळीस हजार सहाशे छत्तीस आकडा टिपला आणि तिथून आपलं बिल सुरू केलं. जुन्या कंपनीनं मात्र दोन महिने चकार शब्द काढला नाही आणि मग एकदम 'अंतिम बिल' पाठवलं. त्यात शेवटचा आकडा होता अठ्ठेचाळीस हजार दोनशे दहा. प्रत्यक्ष कुणी बघितलेला नाही, अंदाजानं धरलेला. म्हणजे मधल्या पाचशे चौऱ्याहत्तर युनिटांचे पैसे दोन्ही कंपन्या मागत होत्या. तिनं तीन पत्रं लिहिली, चार फोन केले. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून रामायण.

"तुमचं म्हणणं बरोबर असेल," खोकणाऱ्या बाई म्हणाल्या, "पण मी तुमच्याशी या खात्यावर बोलूच शकत नाही. खातेदारांनीच बोलायला हवं. नाहीतर चौदा दिवसांनी वसुलीची नोटीस निघेल. त्यांच्या नावानं. त्यांचा नवा पत्ता शोधून तिकडे जाईल." "तिकडे कशाला?" ती जवळजवळ ओरडली. पलीकडच्या टेबलावरच्या पॉलिशवालीनं मान वर करून बघितलं. "नाव त्यांचं आहे ना बाई," फोनवरच्या बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, आणि खोकल्या.

दुपारभर तिचं हातातल्या कामात लक्ष लागेना. पुढचे दात लावताना ते जरा वेडेवाकडेच लावायचे असतात. फार सरळ लावले की माणूस खोटा दिसतो, हे तिला सव्वीस वर्षांपूर्वी लॅबच्या मालकांनी शिकवलं होतं. मालक म्हणायचे, आपण जगाचं हसू तयार करतो, स्वतः हसलं नाही तरी चालेल. आज दोन्ही दात तिनं रांगेत उभे केल्यासारखे लावले आणि पुन्हा उपसून काढले. मेणाला गरम पातं लागल्याचा वास नाकात बसला. पॉलिशवालीनं विचारलं, "काय गं, कुणाचं काय झालं?" "काही नाही, लाइटच्या बिलाचं." "मग भरून टाक आणि मोकळी हो." भरता आलं असतं. अर्ध्या पगाराएवढी रक्कम होती, कपाटात तेवढे होतेही. ताईला कळलंही नसतं. पण 'मोकळी हो' हे शब्द संध्याकाळपर्यंत तिच्या डोक्यातून गेले नाहीत.

घराकडे ती चालतच निघाली. वाटेत दुकानांच्या काचांमधे दिवे लागत होते, लोक पिशव्या सांभाळत भराभरा चालले होते, आणि प्रत्येकाला कुठेतरी कुणीतरी उशीर का झाला म्हणून विचारणारं असावं असं तिला उगीचच वाटत होतं. अंदाज काढताना कंपनीनं आदल्या वर्षी त्याच दिवसांत किती वीज लागली होती ते बघितलं होतं. म्हणजे ताईच्या खोलीतला शेगडीसारखा लालभडक होणारा हीटर, गुडघ्यांसाठी लावलेला. पडद्यांची ती जड, वाफेची इस्त्री, जी तासन्‌तास चालायची. शिलाई मशीनच्या सुईवरचा छोटा दिवा. सकाळी दोनदा पाणी तापवणं, एकदा ताईसाठी, एकदा तिच्यासाठी, कारण ताईला कढत लागायचं आणि तिला कोमट. कंपनीच्या कुठल्याशा यंत्रानं हे सगळं तसंच चालू आहे असं धरून दोन महिने पुढे मोजलं होतं. आणि खरं तर त्या दोन महिन्यांत ती अंधार पडल्यावर फक्त स्वयंपाकघरातला दिवा लावायची, एका भांड्यात काहीतरी गरम करून ओट्याशी उभ्याउभ्याच खायची आणि गोधडी ओढून पडायची. ताईच्या खोलीचं बटण तिनं दाबलंच नव्हतं. बिल चुकीचं होतं हे खरं. पण ते हातात घेऊन वाचताना पहिल्यांदा तिला राग आला नव्हता. ते खरं असतं तर, असं वाटलं होतं.

ताईला घेऊन गेला तो मोजणीवाला. जमिनीच्या मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेला, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. पडदे शिवायला आला तो खिडक्यांची मापं अर्ध्या इंचापर्यंत कागदावर आखून, बाणबीण काढून. ताई हसली होती, "एवढं माप तर डॉक्टर पण घेत नाहीत." मग तो पडदे न्यायला आला, मग पडदा आखूड झाला म्हणून आला, मग लांब झाला म्हणून आला, आणि मापात कधी न चुकणारा माणूस एवढा का चुकतोय हे घरात सगळ्यांत शेवटी तिच्या लक्षात आलं. घरात होत्याच किती, दोघी. ताई छप्पन्न वर्षांची, ती एक्कावन्न. एका दुपारी ताईनं इस्त्री करता करता सांगितलं. मान वर न करता. आम्ही लग्न करतोय, नोंदणी करून, आणि त्यांच्या गावाला राहायला जातोय. तेव्हा ती जे बोलली ते आठवलं की आजही तिच्या कानाच्या पाळ्या गरम होत. "या वयात कसली हौस सुटलीय तुला? लोक तोंडावर काही म्हणणार नाहीत, पाठीमागे पोट धरून हसतील." ताईनं पडद्याची एक पूर्ण बाजू इस्त्री केली, उलटी केली, दुसरी केली. "हसू देत," एवढंच म्हणाली. नंतर आठवडाभर घरात फक्त भांड्यांचे आवाज होते.

आणि याच्या मुळाशी तिच्या मनात एक जुनी गोष्ट होती, जी तिनं कुणाला सांगितली नव्हती आणि जी ताईला माहीत असूनही ताईनं कधी काढली नव्हती. ती एकोणतीस वर्षांची असताना चित्रकला शिकवणारा एक मास्तर तिला भेटायचा. त्याची दुसऱ्या गावी बदली झाली तेव्हा त्यानं विचारलं, येतेस का. बाबा नुकतेच गेले होते, आई अंथरुणाला खिळलेली, ताई रात्रंदिवस मशीनवर. ती नाही म्हणाली. तिला राहा असं कुणीच म्हटलं नव्हतं. ती आपण होऊन राहिली, आणि पुढची बावीस वर्षं त्या राहण्यावर मनातल्या मनात हक्क सांगत राहिली, की मी थांबले, आता तुला कुठे जाता येणार नाही. हे इतकं उघडंवाघडं तिनं स्वतःशीही कधी म्हटलं नव्हतं. आज जिना चढताना म्हटलं, आणि मधल्या पायरीवर तिला दम लागला.

फोन तिनं रविवारी सकाळी केला. आधी दोनदा नंबर लावून कट केला होता. तिसऱ्यांदा ताईनंच उलटा केला. "तूच ना गं? दोनदा मिस कॉल पडले. बरी आहेस ना?" आवाज तोच, जरा घाईचा, शब्दांच्या शेवटी तोंडात टाचण्या धरल्यासारखा आवळलेला. सात महिन्यांत दोघींनी एकमेकींना वाढदिवसाचे दोन निरोप पाठवले होते, तेही लिहून. "बरी आहे. एक काम होतं," ती म्हणाली आणि बिलाचं सगळं एका दमात सांगितलं, बातम्या वाचल्यासारखं. मग ताई म्हणाली, "तू कंपनी बदललीस?" "हो." "माझं नाव काढलंस." "हो." "बरं केलंस," ताई म्हणाली. ते बरं केलंस कुठल्या अर्थाचं होतं ते तिला कळेना. "पण अगं, मग मला आधी का नाही सांगितलंस? तीन महिने एकटी भांडत बसलीस?" तिनं हातातल्या बिलाची घडी घातली. "गुरुवारी अकराला लावू या का फोन?" ताई म्हणाली. "हे तेव्हा बाजारात जातात. तिघींना एकत्र बोलता येतं म्हणे, मी विचारून ठेवते." त्या 'हे'वर ती जराशी अडखळली, मग हो म्हणाली.

गुरुवारी तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन्ही बिलं, वही, पेन मांडून बसली. अकराला ताईचा फोन आला, ताईनंच कंपनीचा नंबर जोडून घेतला, आणि पाऊण तास वाट बघितल्यावर नशिबानं त्याच खोकणाऱ्या बाई आल्या. त्यांनी ताईला नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, जुना पत्ता विचारला. ताईनं घराचा पत्ता सांगितला, पिनकोडसकट, आणि तो ऐकताना तिला वाटलं, ताई अजून हा पत्ता आपलाच असल्यासारखा सांगतेय. "थांबा हं, मला जुन्या नोंदी काढाव्या लागतील," बाई म्हणाल्या, आणि लाइनवर सनईसारखं कसलंतरी संगीत सुरू झालं, तीच तीच सात-आठ सेकंदांची तान.

"आहेस?" ताईनं विचारलं. "आहे." तान संपली आणि पुन्हा सुरू झाली. "जेवतेस का नीट?" "जेवते." "काय जेवतेस? उभ्यानं खात असशील." "तुझे गुडघे कसे आहेत?" तिनं विचारलं. "इथे जिना नाही, त्यामुळे बरे आहेत. पण करमत नाही कधीकधी. मशीन आणलं, पण इथे कुणाला पडदे नको असतात. खिडकीबाहेर नुसतं माळरान, कुणापासून लपवायचं?" ताई हसली, आणि ते हसू अर्ध्यात सोडून म्हणाली, "हे चांगले आहेत गं. तू विचारलं नाहीस, पण सांगते. चांगले आहेत." "मी वाईट बोलले तुला," ती म्हणाली. समोरच्या भिंतीकडे बघत, मेणातला दात लावताना श्वास धरतात तसा श्वास धरून. ताईनं त्यावर नाही-नाही केलं नाही. "बोललीस खरी," म्हणाली. "मी इथे राहिले ती तुझ्यासाठी," ती म्हणाली. आता सुटलंच होतं तर सुटू दे. "तुला माहीत आहे का ते?" "माहीत आहे," ताई म्हणाली. "म्हणूनच तर मी एवढी वर्षं कुठे गेले नाही. मला वाटायचं, ही माझ्यापायी अडकलीय, हिला एकटं टाकून कशी जाऊ. आणि मग वाटलं, मी गेले तरच ही सुटेल." "सुटून कुठे जाणार होते मी?" ती म्हणाली. तिला वाटलं होतं आवाज चढेल, पण तो चढला नाही, उलट खालीच गेला. संगीताची तान पुन्हा सुरू झाली.

मधेच ती तुटली आणि बाई परत आल्या. "हां, हे बघा. आमच्याकडे प्रत्यक्ष बघितलेला शेवटचा आकडा फार जुना आहे, म्हणून सिस्टिमनं अंदाज धरलाय. मधल्या काळातला एखादा आकडा खातेदारांकडे असेल, लिहून ठेवलेला वगैरे, तर तो धरून अंदाज काढून टाकता येईल. आहे का काही?" तिनं वही उलटीपालटी केली; दर महिन्याला आकडे टिपायची पद्धत ताईची होती, ताईबरोबरच गेली होती. "नाही बहुतेक," ती म्हणू लागली, आणि ताई म्हणाली, "आहे. मी घर सोडलं त्या दिवशीचा. सत्तेचाळीस हजार पाचशे वीस."

"लिहिलेला आहे?" "नाही, पाठ आहे." "सात महिन्यांपूर्वीचा आकडा पाठ आहे तुम्हाला?" "त्या दिवशी मी बॅग घेऊन खाली उतरले," ताई म्हणाली. बोलणं बाईंशी होतं, पण आवाज बाईंसाठी नव्हता. "गाडी बाहेर उभी होती. जिन्याखाली त्या कपाटाशी मी थांबले. वर परत जावं का, ठरत नव्हतं. वीस-पंचवीस मिनिटं उभी होते. समोर तो मीटर. दुसरं बघायला तिथे काही नाही. आकडा डोळ्यासमोर उभा राहिलाय तो जात नाही. वरून हाक आली असती, तर गेले असते वर."

ती टेबलाच्या कडेला दोन्ही हातांनी धरून बसली. त्या दिवशी ताईच्या चपलांचा आवाज खाली उतरत गेलेला तिनं ऐकला होता. शेवटच्या पायरीनंतर बाहेरचं दार वाजलं नव्हतं, हेही तिला ऐकू आलं होतं. ती आतल्या बाजूला कडीवर हात ठेवून उभी होती. कडी थंड होती. खाली कुणीतरी आहे हे तिला कळत होतं, आणि आपण दार उघडलं तर रडू, आणि रडलो तर तिला जाता येणार नाही, आणि ती गेली नाही तर जन्मभर माझ्यामुळे राहिली म्हणून राहील, असं काहीतरी डोक्यात फिरत होतं. की नुसता ताठा होता, कोण जाणे. खूप वेळानं बाहेरचं दार वाजलं. तेव्हा कुठे तिनं हात काढला होता. "मी दारापाशीच होते, ताई," ती म्हणाली. "आतून. कडीवर हात ठेवून." पलीकडून माळरानावरचा वारा असेल, किंवा ताईचा श्वास, असं काहीतरी ऐकू येत राहिलं.

बाई खोकल्या. या वेळचा खोकला घशातला नसावा. "नोंद केली मी," त्या हळू म्हणाल्या. "पाचशे वीसपासून सहाशे छत्तीस. म्हणजे दोन महिन्यांत एकशे सोळा युनिट. बरोबर वाटतं. एकट्या माणसाला एवढंच लागतं." मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण त्या घाईघाईनं म्हणाल्या, "अंदाज निघून जाईल. पाच-सहा आठवड्यांत सुधारलेलं बिल येईल, जुन्या पत्त्यावरच पाठवते. अजून काही मदत?" दोघी एकदम नाही म्हणाल्या. बाईंनी फोन ठेवला, आणि बाजारातून कुणीतरी परत आल्याचा तिकडे आवाज झाला, दार, पिशवी, पुरुषाचं काहीतरी विचारणं. "ठेवते गं आता," ताई म्हणाली. "ठेव," ती म्हणाली.

बिल यायला आठ आठवडे लागले. त्या दिवसांत तिनं तीनदा फोन हातात घेतला आणि सांगण्यासारखं अजून काही आलेलं नाही म्हणून ठेवून दिला. एकदा ताईनं केला, बिल आलं का म्हणून. दीड मिनिट बोलल्या. मग एका शनिवारी दुपारी पत्रपेटीत ते पाकीट सापडलं. एकच कागद होता. वापर एकशे सोळा युनिट, एवढे भरा की खातं बंद. रक्कम इतकी थोडी होती की तिला आधी वाटलं शून्य गळालंय. ती तशीच कोपऱ्यावरच्या दुकानात गेली, पैसे भरले, पावती घेतली. पावतीवर ताईचं नाव छापलेलं होतं आणि खाली, 'या खात्यावर काहीही बाकी नाही.' दुकानदार सुटे मोजत होता तोवर तिनं ती ओळ दोनदा वाचली. घरी येऊन खुर्चीवर बसली आणि ताईला फोन लावला.

"झालं," ती म्हणाली. "आलं बिल. भरलं पण. खातं बंद झालं." "सुटलीस बाई एकदाची," ताई म्हणाली. "किती पिडलं मेल्यांनी." "हो ना." "पावती जपून ठेव हो. यांचा भरवसा नाही." "ठेवली." मग दोघींकडचं बोलण्यासारखं संपलं. आता मधे येऊन कुणी काही विचारणार नव्हतं, कसली नोंद काढायची नव्हती, पुन्हा अमुक दिवशी लावू म्हणायला काही उरलं नव्हतं. तिकडे कुठेतरी भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला, मग नळ सुरू झाला, बंद झाला. तो नळ तिनं कधी पाहिला नव्हता. ती खोली केवढी आहे, ओटा कुठल्या बाजूला आहे, ताई उभी आहे की बसलीय, हे तिला काही माहीत नव्हतं, आणि ते माहीत नसणं छातीत एखाद्या मुक्या मारासारखं दुखत राहिलं.

"ठेवू मग?" ताईनं विचारलं.

"नको," ती म्हणाली. "काही काम नाहीये. पण नको ठेवूस."

ताईनं ठेवला नाही. खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि ताई बसली.